सगळं डिस्कमध्ये आहे

आमच्या काकांच्या घरातली हार्ड डिस्क चालू होती तोवर तिच्यात नेमकं काय आहे, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची कोणाला निकडही नव्हती. कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी, काकांच्या जुन्या चष्म्याच्या पाकिटात तिचा मुक्काम. दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर यायची, फडक्याने पुसली जायची, परत आत जायची. एके दिवशी कॉम्प्युटरने तिला ओळख दाखवायचं बंद केलं. झालं! तेव्हापासून घरातली हरवलेली प्रत्येक गोष्ट तिच्यातच होती, असं एकेकाला आठवू लागलं.

पहिला नंबर आहेराच्या यादीचा. वडीगोद्रीहून लग्नपत्रिका आली, म्हणजे जाणं आलं आणि आहेरही आला. पण या मंडळींनी आपल्या दादाच्या लग्नात किती लावले होते? मांडवात आहेर लिहायला बसवलेल्या पाहुण्याने सगळं वहीत नीट उतरवलं होतं, नावासकट, गावासकट.

"वही कुठंय?" काकूंनी विचारलं.

"रद्दीत गेली," काका म्हणाले. "टायपिंगला दिल्यावर वही कशाला ठेवायची? यादी डिस्कमध्ये हाये."

आणि डिस्क तर बंद. मग काकांनी त्या सबंध लग्नसराईत सगळ्यांना सरसकट पाचशे एक लावले. ज्यांनी पूर्वी एकशे एक दिले असतील ते पंगतीत स्वतः येऊन जिलबी वाढून गेले. ज्यांनी दोन हजार एक दिले असतील त्यांनी "जेवून जा" एवढंही म्हटलं नाही. नुसत्या आग्रहाच्या प्रमाणावरून यादी पुन्हा तयार करता येईल, असं काकूंचं मत पडलं आणि त्या कामाला लागल्याही.

दुसरा नंबर गणेश मंडळाच्या हिशोबाचा. काका एका वर्षी खजिनदार होते. मंडळाची पोरं पावतीपुस्तकं घेऊन आली की काका शांतपणे उठत, कपाटातून डिस्क आणत आणि टीपॉयवर ठेवत. "सगळा हिशोब हिच्यात हाये, पै न् पै. घ्या, तुमीच चालू करून घ्या." पोरं डिस्ककडे बघत राहायची. मग चहा व्हायचा आणि मंडळी उठायची. वर्गणी मागायला आलेल्यांना पूर्वी 'साहेब गावाला गेलेत' सांगत, त्यापेक्षा ही युक्ती फारच वरच्या दर्जाची. इथे खजिनदार समोर बसलेला, हिशोबही समोर ठेवलेला, आणि तरी कोणाला काही विचारायची सोय नाही.

लग्नाच्या फोटोंचं प्रकरण मात्र जरा नाजूक. फोटोग्राफर मंडळी लग्नाचे चार-पाच हजार फोटो डिस्कमध्ये भरून देतात आणि सांगतात, "यातले दोन-अडीचशे निवडून द्या, लगेच अल्बम बनवतो." हे 'लगेच' त्यांच्याकडून खरं असतं. घोडं अडतं घरात. नवरीकडच्यांना हवेत त्या फोटोंत नवऱ्याचे मामा अर्धे कापलेले. मामा पूर्ण आहेत त्या फोटोत नवरी शिंकते आहे. एका आत्याचे प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले, पण तिला वगळलं तर ती पुढची दहा वर्षं डोळे उघडे ठेवून बसणार. दादाच्या पोराचं जावळ निघालं, तो शाळेत जाऊ लागला, आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम का नाही म्हणून विचारू लागला, तरी निवड चालूच. आणि डिस्क बंद पडली त्या संध्याकाळी दादा जाहीर करता झाला, "माझी निवड झाली होती. वेगळं फोल्डर करून ठेवलं होतं. नेमकं आता द्यायचं तर..." वहिनींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. दादाने गॅस सिलेंडरचा नंबर लावला का, असं विचारून टाकलं.

काकांचं गाणंही डिस्कमध्येच. अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव म्हणजे गावाचा अभिमान, आणि काका तरुणपणी मंडपात पुढे बसून, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन गाणी भरून आणत. पुढे कोणाकडून तरी त्या कॅसेटी एमपीथ्री करून घेतल्या. मूळ कॅसेटी अजून माळ्यावर आहेत, लावल्या तर वाजतात, तानेच्या मध्ये शेजारच्या श्रोत्याचा खोकला तेवढा येतो. पण काकांना त्या नको असतात. "त्यात काय मजा नाही. डिस्कमध्ये कसं साफ ऐकू यायचं!" डिस्कमधलं ते साफ गाणं घरात कोणीही कधी ऐकलेलं नाही.

एक टेराबाइटच्या चालू डिस्कमध्ये त्याच्या वर काही मावत नाही. तसं तिच्यावर लिहिलेलंच असतं. बंद डिस्कला ही मर्यादा राहत नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांचं ते धूड टनभर वजनाचं होतं आणि त्यात पन्नास लाख अक्षरं बसायची. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटो जेमतेम. पण ते धूड बंद पडलं की सगळं रेकॉर्ड त्यातच होतं असं सांगणारा एखादा कारकून अमेरिकेतल्या त्या हपिसातही निघाला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कागदाला ही सोय नव्हती. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे जुनं दप्तर उर्दूत नाहीतर मोडीत. ते पुन्हा कोणी उघडेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग २०२३ साली आमच्याच तालुक्यात, अंतरवाली सराटीला, मराठा आरक्षणाचं उपोषण झालं. कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभरची गाठोडी सुटली. मोडी वाचता येणाऱ्याला कधी नव्हे तो भाव आला. ज्या आजोबांना घरात कोणी चहा विचारत नव्हतं, त्यांना न्यायला गाडी येऊ लागली. पानं कसरीने खाल्लेली, कोपरे झडलेले, शाई उडालेली. पण नाव लागायचं, गाव लागायचं. कागद अर्धा खाल्ला तरी उरलेला अर्धा बोलतो. त्या काळच्या कारकुनाने काय लिहिलं आणि काय लिहायचं टाळलं, ते तीन पिढ्यांनी उघड्यावर येतं. डिस्क गप्प झाली की सगळीच्या सगळी गप्प होते, अर्धवट काही सांगत नाही. खजिनदाराला आणखी काय हवं?

परदेशातही याला तोड नाही असं समजू नका. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स नावाच्या माणसाची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८००० बिटकॉइनची चावी होती, असं त्याचं म्हणणं. कचरा नगरपालिकेच्या डेपोत. हा गृहस्थ पुढे दहा-बारा वर्षं उकिरडा उकरू द्या म्हणून मागे लागला होता. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्याचा दावा काढून टाकला. काकांना ही बातमी मी वाचून दाखवली. वाटलं, ते हळहळतील. ते म्हणाले, "पाहा! त्याच्यावर सगळ्या जगाचा विश्वास बसतो. आणि हितं मंडळाची पोरं!"

एकच प्रत ठेवू नये हे कळायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही, तरी त्याचा नियम आहे, आणि तो मांडला पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आमच्याकडे हा नियम थोडा फिरवून पाळतात. प्रत एक, आणि ती दुसऱ्याकडेही आहे असं समजणारी माणसं तीन. बॅकअप घ्यायची आठवण राहावी म्हणून २०११ पासून एक जागतिक दिवसही पाळतात, ३१ मार्चला. ही तारीख ठरवणाऱ्याने आयुष्यात कधी मार्च एंड पाहिलेला नसावा. त्या दिवशी अंबडमध्ये सोसायटी, बँक, पंचायत समिती, कोणालाही "फाइलीची दुसरी प्रत काढली का?" म्हणून विचारून बघा. पहिलीच अजून तयार व्हायची असते. आणि दुसऱ्या दिवशी एक एप्रिल, त्यामुळे कोणी खरं सांगितलं तरी पटत नाही.

घरगुती उपायांना मात्र कोणी तारखेची वाट पाहिली नाही. शेजारच्या भाऊंनी डिस्क तळहातावर दोनदा आपटून पाहिली. त्यांचा टीव्ही असाच चालतो. कोणीतरी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. मोबाइल पाण्यात पडला तर ठेवतात ना! डिस्क पाण्यात पडलीच नव्हती, पण तांदूळ घरात होते. भाच्याने फ्रीजरचा उपाय काढला: प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवायची. हा तोडगा जगभर चालतो आणि जगभर त्याने डिस्क मरतात, कारण बाहेर काढली की तबकडीवर दव धरतं. काकूंनी फ्रीजर दिला नाही, त्यांच्या मटाराला जागा पुरत नव्हती. घरातल्या सगळ्या तांत्रिक निर्णयांत हा एकच शहाणपणाचा निघाला.

काका दुरुस्तीच्या विरोधात होते. "लई महाग काम असतं ते. राहू दे." दादाचंही तेच मत, आणि तेही असामान्य घाईने. पण काकूंना यादी हवी होती. शहागडहून एक पत्रिका येऊन पडली होती आणि त्या घरच्यांचा आग्रह मागच्या वेळी नेमका मध्यम प्रतीचा पडला होता, त्यावरून काहीच ठरेना. त्यांनी डिस्क पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाल्या, "चल."

बस स्टँडकडच्या एका गाळ्यात दुरुस्ती करणारा पोरगा बसतो. बाहेर मोबाइलच्या काचा, रिचार्ज, झेरॉक्स; आत टेबलावर उघडलेले लॅपटॉप आणि एका वाटीत स्क्रू. अशा दुकानात गिऱ्हाइकापेक्षा बघे जास्त असतात आणि सगळ्यांना त्यातलं कळतं. "फॉरमॅट मार," एक म्हणाला. "फॉरमॅट मारलं की चालू होती."

"चालू होईल, पण रिकामी," पोरगा म्हणाला. "काकू, एक ध्यानात ठेवा. कॉम्प्युटर स्वतःहूनच विचारतो, आधी फॉरमॅट करावं लागंल, करू का? तिथं हो म्हणायचं नाही. त्याला वाचता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याला वाचता येत नाही म्हणून आपण पुसायचं काहून?"

मग त्याने डिस्कला वीज दिली आणि ती कानाला लावली. दुकान गप्प झालं. बाहेर एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे बघ्यांपैकी एकाने इतकं रागाने पाहिलं की ड्रायव्हरने हात काढला.

"फिरू लागली," पोरगा म्हणाला. "टिकटिक नाही. बरं हाये."

टिकटिक वाईट. आत तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. ते टोक जागेवर बसलं नाही की पुन्हापुन्हा मागे जाऊन आपटतं, तीच टिकटिक. अशी डिस्क चालू ठेवली तर टोक तबकडी खरवडत जातं. तेव्हा ती ताबडतोब काढायची आणि मोठ्या शहरात, निर्धूळ खोलीत उघडणाऱ्यांकडे न्यायची. इथे उघडायची नाही, आपल्याकडची नुसती हवा तिला पुरेल. पूर्वी म्हणे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं खालचं सर्किट काढून बसवलं की काम भागायचं; आता प्रत्येक डिस्कच्या चिपमध्ये तिची तिची मापं लिहिलेली असतात, दुसरीचं चालत नाही. एवढं सगळं पोरग्याने तंबाखूची पुडी सोडता सोडता सांगितलं.

मग तपासणी केबलची. यूएसबी ज्यांनी घडवली त्या मंडळींत अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंजिनिअर. पिन दोन्हीकडून बसेल अशी केली असती तर तारा आणि सर्किट वाढून खर्च वाढला असता, असं त्यांनी पुढे सांगितलं. तो वाचवलेला खर्च आपण सगळे रोज पिन उलटीसुलटी करून फेडतो. डिस्कच्या बाजूची पिन तर आणखी विचित्र, रुंद, मध्ये खाच असलेली आणि पहिल्या दिवसापासून डुगडुगणारी. पोरग्याने केबल बदलली. पुढच्या पोर्टातून काढून मागच्यात लावली. "पुढचा पोर्ट वायरीने जोडलेला राहतो, पावर कमी पडती. निम्म्या डिस्का एवढ्यावरच चालू होतात." ही होईना.

त्याने मोबाइलची बॅटरी लावून डिस्कच्या खाचेत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टूथपिक घेतली, आत फिरवली आणि बाहेर काढली. टोक लालभडक.

"काकू, हिची पूजा केली व्हती का?"

"खंडेनवमीला," काकू म्हणाल्या. "दरसालच करतो. विळा, कोयता, यांची स्कूटर, कॉम्प्युटर, समद्याची."

कुंकू होतं, त्याच्या मागे हळद होती, आणि सगळ्यात आत, पिनेच्या बरोबर मध्ये, एक अक्षत. तेलाचा हात लागून सगळं घट्ट बसलेलं. दरवर्षीचा थर वेगळा दिसत होता म्हणे. मला तेवढं दिसलं नाही. पोरग्याने अक्षत टेबलावर काढून ठेवली. बघ्यांपैकी एकाने ती उचलून देवाच्या फोटोजवळ ठेवली, पायात यायला नको. मग ब्रश, स्पिरिट, फुंकर, पुन्हा ब्रश. केबल लावली. कॉम्प्युटरने टुण्णकन आवाज केला आणि पडद्यावर डिस्कचं नाव आलं. फॉरमॅटचं विचारलंसुद्धा नाही.

"किती झाले?" काकूंनी विचारलं.

"शंभर द्या. केबल नवी पायजे असंल तर तिचे वेगळे."

घरी सगळे जमले. काका बातम्या बघत असल्याचं दाखवत होते. दादा म्हणाला, "आता कशाला उघडता, जेवून घेऊ." भाच्याने उघडली. न्यू फोल्डर. त्याच्या आत न्यू फोल्डर, कंसात दोन. 'फोटो फायनल', 'फोटो फायनल नवीन', 'फोटो फायनल खरं'. तिन्हींत तेच फोटो, आत्याचे डोळे तिन्हींत मिटलेले. एकच लग्नाचा व्हिडिओ, पण कॉपी करताना लाइट गेल्यामुळे एकदा अर्धा आणि नंतर दोनदा पूर्ण. हिंदीत डब केलेले दाक्षिणात्य सिनेमे, त्यांनी निम्मी डिस्क खाल्लेली. सातबाऱ्याचं एक स्कॅन, उलटं. कोणाच्या तरी मोबाइलमधले शुभ सकाळचे सातआठशे गुलाब.

'अल्बम निवड' नावाचं फोल्डर खरोखर निघालं. दादाने मान वर केली. आत एक फोटो होता, दादाचा, घोड्यावरचा. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फोल्डर बंद केलं आणि पोराला म्हणाल्या, "बाबांना सांग, निवड झाली म्हणावं."

आहेराची यादीही निघाली. वर 'श्री मत्स्योदरी देवी प्रसन्न' असं मोठ्या अक्षरात, मध्यभागी, चौकटीत. टाइप करणाऱ्याचा सगळा जीव त्या चौकटीत गेलेला. खाली अकरा नावं. बारावी ओळ 'शहागडचे' एवढ्यावर थांबलेली. रक्कम नाही. काकू किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या, मग उठून आपली आग्रहावरून केलेली वही घेऊन आल्या आणि ती यापुढे कपाटात दागिन्यांजवळ राहील, असं सांगून त्यांनी चष्म्याचं पाकीट बाहेर काढलं.

संगीत महोत्सवाच्या गाण्यांचं फोल्डर नव्हतं. मंडळाच्या हिशोबाचं तर नावही नव्हतं. भाच्याने काकांसमोर सगळी डिस्क शोधून दाखवली, हिशोब, गणपती, वर्गणी, इंग्रजीत, मराठीत.

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला, पडद्याकडे नीट पाहिलं, आणि अजिबात न डगमगता म्हणाले, "हिच्यात कसा असंल? ही ती डिस्कच नव्हं."

"मंग ती कोणती?" काकू म्हणाल्या.

"दुसरी. काळी."

"ही काळीच हाये की!"

"तिच्यापेक्षा काळी."

मंडळाच्या पोरांना तसा निरोप गेलेला आहे. दुसरी डिस्क सापडेपर्यंत त्यांनी पावतीपुस्तकं जपून ठेवावीत, असं काकांनी कळवलंय.